आईला वणीच्या सप्तशृंगी गडावर न्यायचंय, एका दिवसात आणि खाजगी गाडीने. सल्ला हवा

इंदिरानगरकर
नमस्कार मंडळी. आई सध्या नाशकात माझ्याकडे आहे. वय ७६, मूळची अमळनेरकडची. लग्नानंतर दोनदा चैत्रात गावच्या बायकांबरोबर पायी गडावर जाऊन आली, त्यानंतर आमची शाळा, वडिलांचं आजारपण, असं करत राहूनच गेलं. २०२२ मध्ये देवीवरचा शेंदराचा लेप काढला आणि मूळ मूर्ती दिसू लागली, तेव्हाचं पेपरातलं कात्रण तिने देव्हाऱ्याच्या खणात ठेवलंय. परवा ते काढून माझ्यासमोर धरलं आणि म्हणाली, "हे रूप मी पाहिलेलं नाही. एकदा नेशील का?" आता यात चालढकल करायची नाही.

अडचणी सांगतो. उजवा गुडघा कामातून गेलाय, सपाटीवर काठी घेऊन पंधरा मिनिटं चालते, पायरी आली की थांबते. साखरेची गोळी चालू आहे, त्यामुळे जेवण वेळेवर लागतं. घाटात गाडी लागते. मी स्वतः गाडी चालवतो, पण शहरातच, घाटाचा अनुभव शून्य. भाऊ पुण्याहून शनिवारी येऊ शकतो. त्याचं म्हणणं, एवढी गाडी करतोच आहोत तर सकाळी गड आणि दुपारी त्र्यंबक-ब्रह्मगिरी असं एकाच दिवसात उरकू.

गाडी ड्रायव्हरसकट भाड्याने करू की स्वतःची नेऊ? किती वाजता निघू? पायऱ्यांऐवजी रुळावरून मंदिराकडे वर नेणारी ट्रॉली आहे म्हणतात, तिने गेल्यावर पायऱ्या अजिबात चढाव्या लागत नाहीत का? आणि भावाचा बेत जमण्यासारखा आहे का?


अवनखेडचा_शेतकरी
दादा, रस्ता माझ्या दारावरूनच जातो आणि वर्षातून सात-आठ वेळा गडावर जाणं होतं, म्हणून आधी वेळेचं सांगतो.

नाशिक ते गड साधारण ६५ किलोमीटर. म्हसरूळवरून दिंडोरी, मग वणी, मग नांदुरी. नांदुरी हा पायथा, तिथून वर १० किलोमीटरचा घाट. इंदिरानगरातून शहर ओलांडायलाच सकाळी आठनंतर पाऊण तास जातो, म्हणून साडेपाचला घर सोडा. उजाडता उजाडता दिंडोरी मागे टाकाल. साडेसात-आठला वर पोचलात तर गाडी लावायला जागा मिळते, ट्रॉलीला रांग नसते आणि आईंना उन्हात उभं राहावं लागत नाही.

वार निवडताना शनिवार-रविवार सोडाच, पण मंगळवार आणि शुक्रवारही टाळा, ते देवीचे वार. पौर्णिमा टाळा. बुधवार-गुरुवार उत्तम. नवरात्र आणि चैत्रोत्सवाचं नावच काढू नका. त्या दिवसांत खाजगी गाड्या नांदुरीलाच अडवतात आणि पुढे एसटीने जावं लागतं. धडधाकट माणसाला त्यात काही नाही, पण गुडघ्याच्या माणसाला गर्दीत बसची पायरी चढवणं फार जड जातं.

जानेवारी ते मार्च गेलात तर दिंडोरीपासून वणीपर्यंत दोन्ही बाजूंनी द्राक्षाच्या बागा भरलेल्या दिसतील. आईंना खिडकीकडे बसवा.


सातमाळ्याचा_वाटसरू
भावाच्या बेताबद्दल मी स्पष्टच लिहितो, राग मानू नका. तो बेत सोडून द्या.

त्र्यंबकेश्वर नाशिकच्या पश्चिमेला, २८ किलोमीटरवर. गड उत्तरेला. म्हणजे गडावरून परत नाशकात यायचं आणि पुन्हा दुसऱ्या दिशेला निघायचं. तेही एकवेळ जमेल, पण ब्रह्मगिरी म्हणजे नुसतं त्र्यंबकचं दर्शन नव्हे. गोदावरीचा उगम वर डोंगरावर आहे. नुसत्या गंगाद्वारापर्यंत जायचं तरी सातशेच्या आसपास पायऱ्या, आणि माथ्याला जायचं तर कातळात खोदलेल्या पायऱ्यांची वेगळी वाट. तिथे ट्रॉली नाही. अंजनेरीचंही तेच, हनुमानाचं जन्मस्थान म्हणून कुणी सुचवेल, पण तो चालणाऱ्याचा डोंगर आहे. मांगीतुंगीला १०८ फुटी ऋषभदेवांची मूर्ती आहे, पण ते नाशिकपासून सव्वाशे किलोमीटर, सटाण्याच्या पुढे. त्याला एक वेगळा दिवस द्या.

मी या रांगेत वीस वर्षं हिंडतोय. गड हा सातमाळा रांगेतला डोंगर. समोर मार्कंड्या, त्याला लागून रवळ्या-जवळ्या, पूर्वेला लांब धोडप. ज्या आईने दोनदा पायी येऊन हे सगळं पाहिलंय तिला ते पुन्हा निवांत बघू द्या. दोन ठिकाणं धरलीत की ती दिवसभर गाडीतच बसलेली असेल आणि तुम्ही दोघं भाऊ घड्याळाकडे बघत असाल.

एक जागा सांगतो, तिथे पाच मिनिटं थांबाच. नांदुरीच्या अलीकडे-पलीकडे डोंगराच्या धारेत एक आरपार भोक दिसतं. त्याला आम्ही भटके नेढं म्हणतो, सुईच्या नेढ्यावरून. तो मोहनदरीचा डोंगर. गावातले लोक सांगतात, महिषासुर पळत सुटला तेव्हा देवीच्या घावाने डोंगराला ते भोक पडलं. सकाळी त्या भोकातून पलीकडचं आभाळ लख्ख दिसतं. रस्त्याच्या कडेला गाडी नीट बाजूला घेऊन काच खाली केली की पुरे, उतरायचीही गरज नाही.


निवृत्त_चालक
मी एसटीत ३१ वर्षं चालक होतो, त्यातली बरीच याच भागात गेली. गाडीबद्दल दोन शब्द.

साहेब, घाटाचा अनुभव नसेल तर पहिला अनुभव आईला मागे बसवून घेऊ नका. स्वतःची गाडी न्यायचीच असेल तर घाट उतरलेला कुणीतरी नातेवाईक चालवायला घ्या. हा घाट दिसायला मोठा नाही, पण वळणं एकामागून एक आहेत आणि एका बाजूला सरळ दरी. २००८ च्या जानेवारीत इथे भाविकांची बस दरीत गेली होती, चाळीसच्या वर माणसं गेली. तेव्हापासून या घाटात माझा वेग कधी वाढला नाही.

चढताना फारशी चूक होत नाही, उतरताना होते. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरायचं. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला धरून ठेवतं, ब्रेकवर पाय अधूनमधून पडतो. लोक पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून सोडून देतात आणि सगळा भार ब्रेकवर टाकतात. चार-पाच वळणांनंतर ब्रेक तापतात आणि मग दाबले तरी धरत नाहीत. गाडीत जळका वास आला तर पुढे रेटू नका. जिथे रुंद जागा दिसेल तिथे बाजूला घ्या, इंजिन बंद, हॅन्डब्रेक वर, चाकामागे दगड, आणि वीस मिनिटं थांबा. गरम चाकावर पाणी मारू नका. वळणाआधी हॉर्न द्या, वळणावर ओव्हरटेक नाही, आणि चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या.

धुकं असेल तर हेडलाइट खालीच ठेवा. फुल लाइट मारला की समोर पांढरी भिंत उभी राहते. आणि अंधार पडायच्या आत नांदुरीला उतरलेले असा.


इंदिरानगरकर
सगळ्यांचे मनापासून आभार. भावाला वाटसरूंचा प्रतिसाद पाठवला. त्याने वाचून फोन केला आणि म्हणाला, बुधवारचीच सुट्टी टाकतो, त्र्यंबक पुढच्या वेळी. काकांचं वाचून ठरवलं की गाडी ड्रायव्हरसकटच करायची. दोन ठिकाणी विचारलं. दोघंही "८ तास ८० किलोमीटर"चं पॅकेज सांगतायत. यात बसेल ना?


पंचवटीची_सून
दादा, त्यात बसणार नाही. जाऊन-येऊन १४० ते १५० किलोमीटर होतात आणि तास बारा धरा. ८० किलोमीटरच्या पुढचा प्रत्येक किलोमीटर आणि आठ तासांपुढचा प्रत्येक तास ज्यादा दराने लागतो, आणि तो दर सुरुवातीला कुणी सांगत नाही. दिवसभराचं बाहेरगावचं भाडं विचारा. त्यात दिवसाला किमान किलोमीटर धरलेले असतात, बहुतेक अडीचशे किंवा तीनशे. ते तुमच्या प्रवासापेक्षा जास्त असले तरी हिशेब एकदाच होतो. ड्रायव्हरचा भत्ता, टोल, पार्किंग धरून की वेगळं, हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. किलोमीटर तुमच्या दारापासून मोजणार की त्यांच्या ऑफिसपासून, हेही विचारा.

माझा स्वतःचा अनुभव सांगते, कारण मी त्यात पोळले आहे. गेल्या वर्षी सासूबाईंना घेऊन गेले तेव्हा ओळखीतून एक गाडी ठरवली. ठरवताना फोटोत दाखवली ती एक आणि पहाटे दारात आली ती दुसरीच, पांढऱ्या नंबरप्लेटची. मागच्या दोन्ही टायरची नक्षी पुसून गुळगुळीत झालेली. मी म्हटलं, चालेल, आता कुठे वाद घालायचा. नांदुरीच्या वर तिसऱ्या वळणावर रस्ता ओला होता, गाडी एकदा मागे घसरली. सासूबाईंनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी पिचली. वर पोचलो, दर्शन झालं, पण खाली येताना मी त्या गाडीत बसले नाही. एसटीने नांदुरीला उतरलो आणि तिथून पुढे गेलो. पैसे पूर्ण द्यावे लागले.

म्हणून सांगते, पिवळी नंबरप्लेटच घ्या. आदल्या दिवशी गाडीचा नंबर आणि टायरचा फोटो मागवा. ड्रायव्हर त्या घाटात आधी गेलेला आहे का हे त्यालाच फोन करून विचारा, एजंटला नाही. आणि पहाटे दारात आलेली गाडी मनाला पटली नाही तर परत पाठवा. दर्शन आठ दिवसांनी घेता येतं.


पंचवटीची_सून
मघाशी ट्रॉलीचं राहिलं. ट्रॉली म्हणजे रुळावरून वर जाणारा डबा, लोखंडी दोराने ओढतात. २०१८ पासून सुरू आहे. बसलात की तीन-चार मिनिटांत वर. हवेत लोंबकळत जात नाही, त्यामुळे उंचीची भीती वाटणाऱ्यांनाही चालतं. पायऱ्या पाचशेच्या आसपास आहेत, त्या वाचतात. पण वर उतरल्यावर रांगेतून थोडं चालावं लागतंच. खालीच व्हीलचेअरची चौकशी करा. काठी घरून न्या, आणि तिच्या टोकाचं रबर झिजलेलं असेल तर आदल्या दिवशी बदला. फरशी ओली असते, मी सासूबाईंच्या काठीला तिथे घसरताना पाहिलंय.

ट्रॉली मधूनमधून देखभालीसाठी बंद ठेवतात. एखादा दिवसही असते, जास्तही असते. नाशिकच्या पेपरात आधी बातमी येते, पण तुम्ही निघण्याच्या आदल्या दिवशी चौकशी कराच.

ओटीचं सामान वर सगळं मिळतं, पण घाईत दुकानदार देईल ते घ्यावं लागतं. आईंच्या हातानेच घरी भरू द्या ना. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, हिरव्या बांगड्या, वेणी. देवीची साडी अकरा वारी असते, तेव्हा साडी द्यायची असेल तर आधी तसं बघून घ्या. पिशवी मात्र बंद चेनची न्या. माकडं फार आहेत आणि नारळ हातात उघडा दिसला की ओढतातच. माझ्या नणंदेच्या हातातून केळी नेली, नखाचा ओरखडा उठला, दवाखाना करावा लागला.


यावलवाला
दादा, तुमच्या आई खान्देशच्या आहेत म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही. आमच्याकडे वणीची देवी म्हणजे माहेरची आई. रामनवमीपासून चैत्र पौर्णिमेपर्यंत आमच्या गावांतून माणसं पायी निघतात, डोक्यावर रुमाल, हातात झेंडा, पायाला फोड. रात्री मुक्कामाला बायका अहिराणीत देवीची गाणी म्हणतात. पौर्णिमेच्या आदल्या रात्री दरेगावचे गवळी कीर्तिध्वज घेऊन शिखरावर चढतात, ती वाट सरळ कड्यावरून आहे आणि बाकी कुणी तिकडे जात नाही. सकाळी झेंडा फडकलेला दिसला की खाली हजारो माणसं हात जोडतात. तुमच्या आईने हे दोनदा पाहिलेलं असणार.

म्हणून एक विनंती आहे. त्यांना थेट ट्रॉलीत बसवू नका. पायी आलेल्या माणसाला पायरीचं मोल वेगळं असतं. निदान पहिल्या पायऱ्या तरी चढू द्या. माझी आजी शेवटच्या वेळी गेली तेव्हा अकरा पायऱ्या चढली, आणि घरी येऊन सगळ्यांना सांगायची की मी पायरीने गेले.


अवनखेडचा_शेतकरी
भावना कळते, पण ७६ वर्षांच्या, गुडघा गेलेल्या बाईला पायऱ्या चढा म्हणणं मला पटत नाही. चढणं एकवेळ होईल, उतरताना गुडघ्यावर सगळा भार येतो. वरून साखर. २०२२ च्या जुलैमध्ये पायऱ्यांवरून पाण्याचा लोंढा आला तेव्हा तिथे माणसं जखमी झाली होती, तेव्हा पायरी ही कोरडी असतानाच धरायची गोष्ट. देवीला पायऱ्यांचा हिशेब नको असतो.


यावलवाला
बरोबर आहे. अकरा चढाच असा माझा आग्रह नाही. पण पायऱ्या जिथे सुरू होतात तिथे महिषासुराचं ठिकाण आहे. लोक तिथे हळदीकुंकू वाहतात, पहिल्या पायरीला हात लावून कपाळाला लावतात. ते सपाटीवरून होतं. तेवढं करून मग ट्रॉलीकडे न्या. या पायऱ्या उमाबाई दाभाड्यांनी बांधून घेतल्या, त्या तिथून जवळच असलेल्या अभोण्याच्या देशमुखांच्या लेक. अठराव्या शतकात एका बाईने बांधलेल्या पायरीला दुसऱ्या बाईने हात लावायचा, एवढंच माझं म्हणणं.


अवनखेडचा_शेतकरी
हे पटलं. असंच करा.


सातमाळ्याचा_वाटसरू
दर्शनाबद्दल माझ्याकडून थोडं. मूर्ती कातळातच कोरलेली आहे, अठरा हातांची, प्रत्येक हातात वेगळं आयुध. शेंदराचे थरावर थर बसून हात आणि चेहऱ्याचे बारकावे झाकले गेले होते. २०२२ च्या पावसाळ्यात काही आठवडे मंदिर बंद ठेवून लेप काढण्याचं काम झालं आणि नवरात्रात घटस्थापनेला पुन्हा उघडलं. देवीची मान एका बाजूला किंचित कललेली आहे. समोरच्या डोंगरावर मार्कंडेय ऋषी पुराण सांगत आणि देवी कान देऊन ऐकत असे, म्हणून ती कललेली, असं सांगतात. आईंना हे ठाऊक असेलच, पण गाभाऱ्यात शिरण्याआधी आठवण करून द्या. रांग पुढे ढकलत असते, क्षणभरच मिळतो, आणि कुठे बघायचं हे आधी माहीत असलं की तो क्षण पुरतो. साडी नेसवलेली असते, त्यामुळे सगळी मूर्ती दिसत नाही. पहाटेच्या पूजेच्या वेळी पोचता आलं तर जास्त दिसतं, पण त्यासाठी आदल्या रात्री वर मुक्काम हवा. देवस्थानचं भक्तनिवास आहे. आईंना दुसऱ्यांदा नेणं होईल तेव्हा याचा विचार करा.

दर्शन झाल्यावर लगेच खाली पळू नका. जिथून मार्कंड्या समोर दिसतो अशी सावलीची जागा बघून बसा. मंदिराच्या वर कड्याला जाळ्या लावलेल्या दिसतील, सुटे दगड खाली येऊ नयेत म्हणून. पावसाळ्यात त्या कड्याखाली रेंगाळू नका, बाकी दिवसांत हरकत नाही. शीतकडा, सूर्यकुंड, कालीकुंड हे सगळं आहे, पण काठीवर चालणाऱ्याने तिकडे जायचा हट्ट धरू नये.


पंचवटीची_सून
जेवणाचं सांगते. देवस्थानच्या प्रसादालयात साधं गरम जेवण मिळतं. पण दुपारच्या नैवेद्याच्या आरतीनंतर तिथे एकदम गर्दी होते, तेव्हा साखरेच्या माणसाने त्यावर विसंबू नये. ज्वारीची किंवा कळण्याची भाकरी, कोरडी मेथी, थोडी शेंगदाण्याची चटणी डब्यात न्या. पहाटे निघताना पोटभर पोहे वगैरे देऊ नका, घाटात उलटी होईल. एक खाकरा किंवा दोन बिस्किटं, आणि वणीला गाडी थांबवून अर्धा कप चहा. पुढच्या सीटवर बसवा, काच दोन बोटं उघडी. उलटीची गोळी द्यायची असली तर त्यांच्या डॉक्टरांना विचारून, आणि घाटात नाही, घर सोडतानाच. शौचालयाची सोय वणीतच उरकून घ्या, चहाच्या थांब्याला. नांदुरीला सकाळी सगळं उघडं असतंच असं नाही.


निवृत्त_चालक
एक राहिलं. परतीला आईसाहेबांना झोप लागेल. सीट मागे करून झोपवू नका, घाटात मान हिसकते. घाट पूर्ण उतरेपर्यंत सरळ बसवून ठेवा, पट्टा लावून. नांदुरीनंतर खुशाल झोपू द्या.


इंदिरानगरकर
मंडळी, काल जाऊन आलो. तुम्ही एवढं लिहिलंत म्हणून सविस्तर सांगतो, पुढच्या कुणाला उपयोगी पडेल.

पिवळ्या नंबरप्लेटची गाडी केली, दिवसभराच्या दराने, सगळं धरून, लिहून घेतलं. टायरचा फोटो मागितला तर मालक आधी नाराज झाला, मग पाठवला. ड्रायव्हर कळवणचाच निघाला, घाट त्याच्या पायाखालचा. पाच वाजून चाळीस मिनिटांनी निघालो. वणीत चहा. आई पुढे बसली होती. दिंडोरी गेल्यावर तिने काच अर्धी खाली केली आणि पदर डोक्यावरून घेतला, नंतर परत वर केलीच नाही.

नांदुरीजवळ वाटसरूंनी सांगितलेलं नेढं शोधत होतो. मला सापडेना. आईनेच बोट दाखवलं. म्हणाली, "आम्ही चालत यायचो तेव्हा हे दिसलं की पुढचे लोक ओरडायचे, आणि मागच्यांना कळायचं आता आलंच." पहिल्या खेपेला ती एकोणीस वर्षांची होती, हे मला कालच कळलं.

ट्रॉली चालू होती. आदल्या दिवशी फोन केला होता. त्याआधी यावलवाले दादांचं ऐकलं. पायरीजवळ नेलं, तिने हळदीकुंकू वाहिलं, वाकता येईना म्हणून मी काठी धरली आणि भावाने खांदा दिला. हात लावून कपाळाला लावला. मग उभी राहून वर बघत राहिली, सगळ्या पायऱ्यांकडे. मला वाटलं आता चढायचं म्हणेल. तिने फक्त विचारलं, "तुझ्या वडिलांनी मला वरच्या त्या वळणावर पाणी पाजलं होतं, ते टाकं अजून आहे का?" मला माहीत नव्हतं. दुकानवाल्या मावशींना विचारलं, त्यांनाही सांगता आलं नाही. कुणाला माहीत असेल तर जरूर लिहा.

वर व्हीलचेअर मिळाली. रांग वीस मिनिटांची. गाभाऱ्यासमोर आई खुर्चीतून उठली. मी तिला मान बघ, मान बघ म्हणत होतो, पण ती हात मोजत होती, ओठ हलताना दिसत होते. अकरापर्यंत आली आणि रांगेने पुढे सरकवलं. बाहेर आल्यावर म्हणाली की पूर्वी नुसते डोळे लक्षात राहायचे, आता आयुधं दिसली, आणि चेहरा तिला वाटला होता त्यापेक्षा तरुण आहे. मार्कंड्यासमोर दीड तास बसलो. भाकरी तिथेच खाल्ली, पाठीला भिंत आणि डबा मांडीवर झाकून. माकडं दोनदा येऊन गेली.

अडीचला निघालो, काकांनी सांगितल्याप्रमाणे ड्रायव्हरने दुसऱ्या गिअरमध्येच घाट उतरवला, मी मुद्दाम बघत होतो. आईला गाडी लागली नाही. सहाच्या आत घरी. एकच चूक झाली, काठीचं रबर बदलायचं विसरलो आणि ट्रॉलीतून उतरताना काठी सटकली. भाऊ शेजारी होता म्हणून निभावलं.

आज सकाळी तिने ते कात्रण पुन्हा काढलं आणि उरलेले सात हात मोजले. आता भक्तनिवासात एक रात्र राहायचं म्हणतेय, धाकट्या मावशीला घेऊन. खोली आधी किती दिवस धरावी लागते आणि तळमजल्याची मागता येते का, एवढं कुणी सांगेल का?


पंचवटीची_सून
दादा, वाचून डोळे भरून आले. आईंना माझा नमस्कार सांगा. खोलीचं म्हणाल तर शनिवार-रविवार आणि पौर्णिमा सोडून बघा. आधी फोन करून म्हातारं माणूस बरोबर आहे, जिना चढता येत नाही, असं स्पष्ट सांगा आणि खोली कितव्या मजल्यावर आहे ते विचारून मगच पैसे भरा. पांघरूण घरचं न्या, पहाटे वर गार वारा असतो. आणि काठीचं रबर आजच बदला.